जोर कमी पडतो म्हणे!

पत्र थोडक्यात: वय सत्तावीस. सहा महिन्यांचा कोर्स करून तीन वर्षं एका स्पामध्ये मसाज थेरपिस्ट आहे. रोज सात क्लायंट, सुट्टीच्या दिवशी आठ. गेले काही महिने उजव्या अंगठ्याचं मूळ ठणकतंय, सकाळी बाटलीचं झाकण फिरवता येत नाही. त्यातच एका नेहमीच्या क्लायंटने रिसेप्शनवर सांगितलं, "हिच्यात जोर नाही, पुढच्या वेळी दुसरी कुणी द्या." बरोबरच्या मुलींकडे चार-चार सर्टिफिकेटं आहेत, हिच्याकडे एकच. कर्ज काढून डीप टिश्यूचा, म्हणजे खोल दाबाच्या मसाजचा, मोठा कोर्स करावा, की हे काम आपल्या अंगापिंडाचं नाही म्हणून सोडून द्यावं? घरचे चारचौघांत "ती ब्यूटी लाइनमध्ये आहे" असं सांगतात, तेही मनाला लागतं. शेवटी लिहिते: "मला हे काम आवडतं हो ताई. एखादी बाई उठून बसते आणि दोन मिनिटं काही बोलतच नाही, तेव्हा फार बरं वाटतं. पण असं किती दिवस चालणार?"

---

"एकेरीतच लिहा" असं तू म्हणाली आहेस, तर तसंच लिहिते.

तुझं पत्र वाचता वाचता मी माझाच अंगठा चाचपून पाहिला. त्याच्या मुळाशी एक उंचवटा आहे. मसाजच्या कामाच्या नवव्या वर्षी आला आणि मुक्कामालाच राहिला. त्या वेळी कुणी दोन शब्द बोललं असतं तर माझा बराच त्रास वाचला असता. म्हणून कोर्स, कर्ज, घरचे हे सगळं नंतर. आधी अंगठा.

हात डॉक्टरांना दाखव, आणि याच आठवड्यात दाखव. दुखणं अंगठ्याच्या मुळातल्या सांध्याचं आहे, मनगटाच्या कडेने जाणाऱ्या कंडरेचं (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचं) आहे, की मनगटात नस दाबली जातेय, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे उपचार वेगळे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर तेही न विसरता सांग. पत्रावरून मला यातलं काही ठरवता येणार नाही. "मला पण असंच झालं होतं, पट्टा बांध" असं सांगणाऱ्या मैत्रिणीलाही ते ठरवता येणार नाही.

आता हे असं का होतं ते बघ. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एक किलोचा दाब दिला, तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर साधारण बारा किलोचा भार येतो. कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ साली हे गणित मांडलं. एक किलो म्हणजे काहीच नव्हे, आपण मसाजमध्ये त्याच्या कितीतरी पट दाबतो. सात क्लायंट, प्रत्येकाचे दोन खांदे, मानेच्या दोन बाजू, दोन पोटऱ्या... हिशेब तूच कर. तुझ्या अंगात जोर कमी आहे की नाही ते राहू दे. जेवढा आहे तेवढा सगळा तू शरीरातल्या एका लहानशा सांध्यातून बाहेर काढते आहेस, हे मात्र नक्की.

घरी एक वजनकाटा असेल तर तो टेबलावर ठेव. आधी नेहमीसारखी उभी राहून हाताच्या बळावर काटा दहा किलोवर ने आणि मिनिटभर तिथेच धरून ठेव. श्वास अडकेल, खांदा कानाला लागेल, काटा थरथरायला लागेल. आता एक पाय मागे घे. मागचा गुडघा सरळ, पुढचा थोडा वाकलेला. कोपराखालचा सपाट, मांसल भाग काट्यावर टेकव आणि ढकलू नकोस, नुसती रेल. तेच दहा किलो येतील आणि या वेळी तुला बोलताही येईल, कारण आता वजन तुझ्या अंगाचं आहे. आठवडाभर रोज पाच मिनिटं हे कर. पाठीवर हीच गोष्ट करताना टेबलाची उंची महत्त्वाची असते. हात सैल सोडून, मूठ वळून उभं राहिलं की मुठीची पेरं टेबलाला जेमतेम टेकावीत, आणि खोल दाबाचं काम असेल तर टेबल त्याहूनही थोडं खाली. स्पामध्ये एक टेबल चार जणींच्या हातात असतं. ते खालीवर करायला दोन मिनिटं लागतात आणि ती दोन मिनिटं कुणी आपणहून देत नाही. मागून घे.

रुंद भागावर कोपराखालचा हात, मग मूठ, मग तळवा. अंगठा सगळ्यात शेवटी, तोही एखाद्या नेमक्या जागेसाठी, थोड्या सेकंदांसाठी. तेव्हा त्याची पेरं एका रेषेत असू देत, मागे वाकलेली नकोत, आणि वजन त्याच्यावर ठेवलेल्या दुसऱ्या हाताने द्यायचं. कोपराचं टोक मात्र जपून. कण्याच्या मणक्यांवर, गुडघ्यामागच्या खळगीत आणि मानेच्या पुढच्या बाजूला त्याचं काहीच काम नाही.

आता त्या गृहस्थांकडे वळू.

"जोर नाही" म्हणजे त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं, हे तू विचारलंस का? मला नाही वाटत. रिसेप्शनवरून कानावर आलं, डोळ्यांत पाणी आलं आणि तू थेट डीप टिश्यूच्या कोर्सची फी शोधायला बसलीस. माझा अनुभव असा, की मसाज "वरवरचा" झाला ही तक्रार निम्म्या वेळा जोराची नसतेच. कधी ती वेगाची असते. कधी तेलाची असते: तेल जास्त झालं की हात नुसता घसरतो, पकड येत नाही आणि क्लायंटला वाटतं की ही पोरगी कातडीवरून हात फिरवून गेली. पुढच्या वेळी तेल निम्मं कर आणि वेगही निम्मा, मग बघ काय म्हणतात. कमरेपासून मानेपर्यंत हात न्यायला तू किती सेकंद घेतेस, मोजलं आहेस? त्वचेत काही मज्जातंतू असे असतात की सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर या संथ गतीने फिरणाऱ्या हळुवार स्पर्शाला ते सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात. पाठ अर्ध्या मीटरची धरली तर हलक्या हाताच्या एका फेरीला निदान पाच सेकंद झाले. दिवसातला सातवा क्लायंट असताना आपण ती दोन सेकंदांत उरकतो. मीही उरकलेली आहे.

आणि "दुखलं म्हणजे लागू पडलं" असं मानणारे क्लायंट सगळीकडे असतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस, आकडा विचार. "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. आत्ता किती?" सहाच्या आसपास ठेव. तोंडाने "आणखी चालेल" म्हणत असतील पण श्वास रोखलेला असेल, पायाची बोटं आत वळलेली असतील, मूठ मिटलेली असेल, तर ऐकायचं त्या पायाच्या बोटांचं. त्या वेळी स्नायू स्वतःला वाचवायला आखडलेला असतो. तू जोर वाढवलास की तो आणखी आखडतो, आणि या रस्सीखेचीत शेवटी हरतो तो तुझा अंगठा. एवढं करूनही कुणाला अंगावर उभं राहून तुडवलेलंच हवं असेल, तर त्याला तुझ्याहून वजनदार सहकाऱ्याकडे खुशाल पाठव. सगळ्यांना आपणच पुरे पडलं पाहिजे, असं कुणी ठरवलं?

माझ्या शिक्षिकेने पहिला महिनाभर मला तेलाला हात लावू दिला नव्हता. टेबलावर डोक्याचा एक केस ठेवायचा, त्यावर वहीचं एक पान, डोळे मिटायचे आणि बोटाने केस शोधायचा. सापडला की वर दुसरं पान, मग तिसरं. मला हा निव्वळ पोरखेळ वाटायचा. चौथ्या पानाखालचा केस मला सापडेना, म्हणून मी बोट दाबायला लागले. बाईंनी माझं मनगट अलगद उचललं आणि म्हणाल्या, "दाबलंस की कळायचं बंद होतं." मी मान डोलावली, कारण परीक्षा होती. त्याचा अर्थ कळायला पुढची सहा-सात वर्षं गेली. आज कुणाच्याही पाठीवर मी पहिली दोन मिनिटं काहीही 'करत' नाही. हात ठेवते. डावी बाजू उजवीपेक्षा गरम आहे का, श्वास कुठपर्यंत येतो, कुठे हात लावल्यावर खांदा नकळत उचलला जातो. दाब किती द्यायचा ते त्यानंतर पाठच सांगते. हे तुझ्याकडे थोडंफार आलं आहे, असा माझा अंदाज आहे. नाहीतर दोन मिनिटं गप्प बसणारी बाई तुझ्या लक्षातच आली नसती.

तेव्हा कर्ज काढून कोर्स? आत्ता नको. दुखऱ्या अंगठ्याने डीप टिश्यू शिकायला जाणं म्हणजे पाय मुरगळलेला असताना धावण्याच्या शिबिरात नाव घालणं. आणि सर्टिफिकेटांबद्दल एक सांगते, थोडं आडवळणाने. आपण ज्याला स्वीडिश मसाज म्हणतो त्याला ते नाव पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) या स्वीडिश व्यायामशिक्षकांमुळे चिकटलं, पण त्यांचा भर मुख्यतः व्यायामावर होता. मसाजच्या हातांची पद्धतशीर मांडणी केली ती योहान गेओर्ग मेट्सगर (१८३८–१९०९) या डच डॉक्टरांनी आणि त्यांच्या शिष्यांनी. त्या मांडणीत हात मोजके आहेत: लांब फिरवणं, मळणं, घासणं, थोपटणं, कंप देणं. पुढे निघालेल्या अनेक 'नव्या' पद्धतींमध्ये याच हातांचा क्रम, वेग आणि दाब बदललेला दिसतो. काही पद्धती खरंच वेगळ्या आहेत, त्या शिकाव्यात. पण तुझ्या मैत्रिणीचं चौकटीतलं चौथं सर्टिफिकेट बघून पोटात गोळा यायचं कारण नाही.

उलट एक गंमत बघ. एमिल आणि एस्ट्रिड वोडर या डॅनिश दांपत्याने १९३०च्या दशकात लसिकेचा (अंगात साचणाऱ्या पाणीदार द्रवाचा) निचरा करणारी एक पद्धत बसवली. तिच्यात दाब इतका हलका असतो की त्वचा फक्त किंचित ताणली जावी. तिथे जोर लावणारा नापास. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा हात सुजून जड होतो, त्यांच्या उपचारांत या प्रकारचं काम वापरलं जातं, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वेगळं प्रशिक्षण घेऊन. म्हणजे "हिच्यात जोर नाही" हे ज्या दालनात दूषण समजलं जात नाही, अशीही दालनं याच व्यवसायात आहेत. वृद्धांबरोबरचं काम तसंच, अर्भकाला मसाज कसा करायचा हे आईला शिकवणंही तसंच. सहा-आठ महिन्यांनी हात बरा झाला की यातलं काही निवड आणि मग कोर्स शोध. शोधताना जाहिरात बाजूला ठेवून तीन गोष्टी विचार: प्रत्यक्ष अंगावर सरावाचे तास किती, त्या वेळी शिक्षक माझे हात बघणार का, आणि कोणावर मसाज करू नये हे कोण शिकवणार. तिसऱ्या प्रश्नाला अडखळले तर फी भरू नकोस.

तोवर फुकटात होण्यासारखं बरंच आहे. एका सहकारी मुलीशी अदलाबदल ठरव, आठवड्यातून एकदा, आणि टेबलावर झोपून बोलायचं. "इथे उरकलंस", "इथे थांबायला हवं होतंस" असं. शरीररचनेचं एखादं जाड पुस्तक घे आणि महिनाभर फक्त खांदा वाच. वाचलेला प्रत्येक स्नायू दुसऱ्या दिवशी हाताने शोध. आणि एक वही ठेव. प्रत्येक क्लायंटनंतर तीन ओळी: काय तक्रार होती, हाताला काय लागलं, जाताना काय म्हणाले. कुणाचं नाव लिहू नकोस आणि वही कुणाच्या हाती लागू देऊ नकोस. वर्षभराने चाळलीस तर कोणत्या सर्टिफिकेटने शिकवलं नसतं ते तुलाच दिसेल.

'कोणावर करू नये' हा विषय निघालाच आहे तर सांगते. एक गृहस्थ आले होते, लांबच्या प्रवासाहून. "पोटरीत गोळा आलाय, जरा जोरात रगडा." हात लावला तर एक पोटरी दुसरीहून जाड, गरम आणि तकतकीत. मी हात काढून घेतला आणि म्हटलं, आज मसाज नाही, आत्ता दवाखान्यात जा. चिडले. पुढची वेळ रिकामी गेली म्हणून व्यवस्थापकही चिडले. दोन दिवसांनी त्या गृहस्थांच्या बायकोचा फोन आला: शिरेत रक्ताची गुठळी होती. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. तेव्हा एका पायाची सूज, ताप, त्वचेचा संसर्ग, ताजी दुखापत, रक्त पातळ करणारी औषधं, ठिसूळ झालेली हाडं, गर्भारपण हे सगळं कपडे बदलायला पाठवायच्या आधी विचारायचं. काहींना नाही म्हणायचं, काहींचा दाब आणि जागा बदलायची, काहींना डॉक्टरांचं विचारून या म्हणायचं. माझ्या लेखी अभिमानाने सांगावेत असे माझे दोन-चार मसाज आहेत, त्यातला हा एक, न केलेला.

क्लायंटला सांगायच्या गोष्टींतही हात आखडता ठेव. "मसाजने टॉक्सिन निघून जातात" म्हणू नकोस, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिडमुळे, हेही नको. ते तास-दोन तासांत आपोआप ओसरतं. कंबरदुखीवरच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१५ साली आढावा घेतला, तेव्हा मसाजने दुखणं थोड्या काळापुरतं कमी होताना दिसलं, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याचंही त्यांनी स्पष्ट लिहिलं. मी क्लायंटना तेवढंच सांगते: काही दिवस बरं वाटेल, झोप लागेल, तेवढ्यात चालायला सुरुवात करा. यामुळे माझं गिऱ्हाईक कमी झालं नाही. खरं बोलणाऱ्या माणसाकडे लोक परत येतात, आणि या धंद्यात पोट भरतं ते परत येणाऱ्यांवरच.

आता "किती दिवस चालणार". रोज सात-आठ, तेही अंगठ्याने? फार दिवस नाही, हे तुला मला विचारायच्या आधीच माहीत होतं. मी दिवसाला पाचवर आले तेव्हा माझा हात टिकला. त्यातही खोल दाबाचे लागोपाठ दोन घेत नाही आणि मध्ये पंधरा मिनिटं ठेवते. मालकांशी बोलताना दुखण्याचं रडगाणं नको, हिशेब मांड: गेल्या तीन महिन्यांत तुझं नाव सांगून परत आलेले क्लायंट किती, आणि तू महिनाभर हात बांधून घरी बसलीस तर त्यांचं काय होईल. त्यांनी ऐकलं नाही तर नोकरी बदलायची, व्यवसाय नव्हे. आठवड्याचे काही दिवस स्पा, एखादा दिवस खेळाडूंबरोबर किंवा ज्येष्ठांकडे, पुढे नवख्या मुलींना शिकवणं अशी मिसळ झाली की हातालाही उसंत मिळते आणि डोक्यालाही. स्वतंत्र काम सुरू करण्याआधी तुझ्याकडे नोंदणी, परवाना, विमा याचे नियम काय आहेत ते नीट बघ. त्यात कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

घरच्यांचं. "ब्यूटी लाइन" म्हणणाऱ्या आईचा मला राग येत नाही. तिला मसाज या शब्दापुढे लोकांच्या भुवया उंचावताना दिसतात. तिला एक दिवस टेबलावर झोपव. तिचे पाय, तिची मान. भाषण देऊ नकोस.

आणि त्या उंचावणाऱ्या भुवयांचं दुसरं टोक तू पत्रात लिहिलं नाहीस, पण तीन वर्षांत ते तुझ्या वाट्याला आलं नसेल असं मी धरून चालत नाही. सूचक बोलणं, सरकवलेली चादर, "आणखी काही मिळतं का?". त्याला एकच वाक्य तयार ठेव आणि आरशासमोर म्हणून बघ: "मी मसाज इथेच थांबवते आहे." मग हात काढायचा, खोलीबाहेर जायचं, घडलं ते लिहून द्यायचं. कारण द्यायचं नाही, हसून न्यायचं नाही. काम देणारी जागा अशा वेळी तुझ्या पाठीशी उभी राहिली नाही, तर ती जागा सोडायला अंगठ्याच्या दुखण्याची वाट बघायला नको.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळव. "जोर नाही" म्हणणारे ते गृहस्थ परत आले तर ती पाळी टाळू नकोस. तेल निम्मं, वेग निम्मा, कोपराखालचा हात, आणि मध्येच एकदा आकडा विचारायचा. आणि ती बाई उठून गप्प बसते ना, तेव्हा तिला लगेच "कसं वाटलं?" असं विचारू नकोस. दिवा मंदच राहू दे, पाण्याचा ग्लास हाताशी ठेव आणि दार हळू लावून बाहेर ये.